वाचकांचे प्रश्न : खाणीतला दगड वर आणताना

प्रश्न : ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या खेळातील माझ्या वस्तीत सुमारे 80 बुटके (खेळातील रहिवासी) आहेत. खाण वस्तीपासून 30 पातळ्या खाली आहे, तर दगडकामाचे वर्कशॉप वर. निम्मे बुटके सतत जिन्यावरून दगड वाहताना दिसतात. साठ्याला (माल ठेवण्यासाठी आखलेल्या जागेला) एकचाकी ढकलगाडी दिली, तर वाहतूक आणखीच मंदावली. आता रूळ टाकून माइनकार्ट (रुळांवरून चालणारे मालाचे गाडे) चालवावेत का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : माइनकार्ट जरूर चालवावेत, मात्र त्याआधी दगडकामाचे वर्कशॉप खाली, खाणीच्या शेजारी हलवावे, असे माझे ठाम मत आहे. या खेळात गाड्याची क्षमता आकारमानावर ठरते. एका माइनकार्टमध्ये अखंड दगड फक्त 5 मावतात, पण घडवलेले ठोकळे 83 मावतात. एका दगडाचे 4 ठोकळे होतात, हे लक्षात घेतले तर ठोकळ्यांनी भरलेली एक खेप जवळजवळ 21 दगडांचे काम करते. तुम्हाला वर भिंती, रस्ते आणि पूलच बांधायचे असतील, तर त्यांसाठी अखंड दगड वर नेण्याची मुळीच गरज नाही. पुतळे किंवा फर्निचर यांसाठी लागणारा मोजका दगड तेवढा वेगळा वर आणावा.

ढकलगाडीमुळे वेग का घटला, याचेही उत्तर सोपे आहे. साठ्याला ढकलगाड्या नेमून दिल्या की जितक्या गाड्या, तितकेच दगड एका वेळी त्या साठ्याकडे निघतात. गाडी एकच असेल तर एकच बुटका कामाला लागतो आणि बाकीचे रिकामे राहतात. ग्रॅनाइटचा एक दगड हाताने उचलून नेणारा बुटका रखडत चालतो, गाडीवाला मात्र झपाट्याने जातो; त्यामुळे ढकलगाडी वाईट नाही, तिची संख्या अपुरी आहे. खाणीच्या तोंडाशी एकच मोठा साठा करण्याऐवजी दोन-तीन लहान साठे करून प्रत्येकाला स्वतंत्र ढकलगाड्या द्याव्यात. फोडलेल्या दगडापासून वर्कशॉपपर्यंतच्या थोड्या अंतरासाठी एवढी सोय पुरते.

आता रुळांविषयी. जिन्यावर रूळ बसत नाहीत, म्हणून 30 पातळ्या चढण्यासाठी रॅम्पची (उताराची) स्वतंत्र वाट खोदावी लागेल. नैसर्गिक खडकात रूळ थेट कोरता येतात आणि त्यांना काहीच साहित्य लागत नाही. मातीच्या थरात मात्र ते बांधावे लागतात. रॅम्पवरच्या रुळाची एक बाजू खालच्या चौकोनाकडे (नकाशातील एका घराकडे) आणि दुसरी चढाच्या दिशेच्या भिंतीकडे उघडलेली असली पाहिजे. एकही जोड चुकला तरी मार्ग तुटतो, म्हणून गाडा नेमण्यापूर्वी प्रत्येक पातळीवर थांबून वाट तपासावी.

या मार्गावर दोन थांबे पुरतात. खालचा थांबा ठोकळ्यांच्या साठ्याला अगदी लागून असावा आणि त्या साठ्याशी जोडलेला असावा, कारण गाडा भरण्याचे काम बुटके हातानेच, एकेक ठोकळा उचलून करतात. साठा दहा पावले दूर गेला तर रुळाने वाचवलेला वेळ भरण्यातच जातो. बहुतेकांचे मार्ग नेमके येथेच रेंगाळतात. या साठ्यात पेट्यांची संख्या शून्य ठेवावी, म्हणजे ठोकळे सुटे राहतील आणि गाड्यात सुटेच चढतील. निघण्याची अट म्हणून ‘पूर्ण भरल्यावर’ ही निवड करावी आणि गाडा ‘हाताने नेण्याचा’ पर्याय द्यावा. हाताने नेताना गाड्याच्या वजनाचा बुटक्याच्या वेगावर परिणाम होत नाही, त्यामुळे भरलेला गाडाही तो चढावर रिकाम्या गाड्याइतक्याच वेगाने नेतो. वरच्या थांब्यावर माल ओतणारा ट्रॅक स्टॉप (रुळावर गाडा थांबवणारा किंवा त्याचा वेग कमी करणारा भाग) बांधावा. त्याची ओतण्याची दिशा जिकडे असेल त्या एकाच चौकोनावर फक्त ठोकळे स्वीकारणारा साठा आखावा. ओतलेल्या मालाला त्या चौकोनावर संख्येची मर्यादा नसते. साठा आखायचा राहिला, तर बुटके तेथे पडलेले ठोकळे उचलून दुसऱ्याच साठ्यात नेऊ लागतात आणि वाहतूक पुन्हा वाढते. या थांब्यावर निघण्याची अट ‘रिकामा झाल्यावर लगेच’ अशी ठेवावी.

प्रश्न : उतारावरून ढकलून सोडलेला माझा गाडा वळणावर रुळाबाहेर उडतो, आणि एकदा तर त्याखाली एक बुटका चिरडला. उपाय काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सोडलेला गाडा प्रत्येक उतारासरशी वेग घेतो आणि तो वेग वळणाला सोसवत नाही. उताराच्या तळाशी, वळणाच्या आधी, जास्त घर्षणाचा ट्रॅक स्टॉप बसवून वेग कमी करावा. बुटक्यांचा जीव मात्र वाटच वेगळी ठेवल्याने वाचतो. सोडलेल्या गाड्याचा मार्ग रोजच्या ये-जा करण्याच्या भुयारातून कधीही नेऊ नये, आणि त्या चौकोनांवर ‘प्रतिबंधित’ रहदारी आखावी. या आखणीने बुटके तिकडे जाणे टाळतात. दुसरी वाट नसेल तर तरीही जातात, म्हणून त्यांच्यासाठी जवळची पर्यायी वाट आधी खोदून द्यावी. अंतर लहान असेल तर सोडण्याचा नाद सोडून गाडा हातानेच न्यावा.