केळीच्या खोडापासून बोर्ड बनवायला महिला बचत गटाने कर्ज काढावं का?

तुम्ही विचारलंय, 'आमच्या गटातल्या बायकांची आर्थिक जाणीव शून्य आहे, आधी प्रशिक्षण द्यावं की आधी मशीन घ्यावं?' बोर्डाचं नंतर बघू. आधी त्या शून्याबद्दल बोलते.

रावेर तालुक्यात आमचा दहा जणींचा गट, हिशोबाची वही माझ्याकडे. घड कापला की खोड बांधावर सडतं, त्याचा धागा काढून प्लायवूडसारखे बोर्ड बनवणाऱ्या बोर्डवाल्याला विकायचा असं ठरलं. मशीनला १,२०,००० हवे होते. बँकेत प्रकरण टाकलं होतं, पण साहेब दर खेपेला एक कागद कमी काढायचे. तेवढ्यात माझे जेठ एका फायनान्सवाल्याला घेऊन आले. १२ टक्के, दोन वर्षं, महिन्याला ६,२००. मी म्हटलं, दादा, हे महाग पडतंय. तर चारचौघांत म्हणाले, "तुमच्या गटात शेकडा दोन घेता, म्हणजे वर्षाचे २४. हा १२ ने देतोय. दुप्पट कुठलं नि अर्धं कुठलं, एवढंही कळेना का?"

सगळे हसले. सह्या झाल्या, माझीसुद्धा.

आमच्या गटात कुणी १०,००० उचलले आणि १,००० फेडले की पुढचं व्याज ९,००० वरच लागतं. ज्या बाईला सही सोडून काही लिहिता येत नाही तिलाही हे पाठ आहे. शिवाय ते व्याज आमच्याच पेटीत पडतं. इथे प्रत्येक हप्त्यात मुद्दल ५,००० आणि व्याज १,२००, पहिल्या महिन्यातही तेच, चोविसाव्यातही तेच. म्हणजे शेवटी मुद्दल उरलंय पाच हजार आणि त्याचं एका महिन्याचं व्याज बाराशे. शेकडा चोवीस, तेही महिन्याला! एकूण व्याज २८,८००. तेच १२ टक्के उरलेल्या रकमेवर लावले असते तर १५,६०० च्या आत भागलं असतं. हे मी त्याच रात्री वहीत मांडलं. दाखवायचं कुणाला?

म्हसवडच्या बायकांनी माणदेशी महिला बँकेसाठी परवाना मागितला तेव्हा आधी नकार आला, कारण काय, तर अर्जावर अंगठे. त्या परत गेल्या आणि रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुम्हीही कॅल्क्युलेटरशिवाय काढा, बघू कोण आधी काढतं. १९९७ ला बँक उभी राहिली. तेव्हा ते शून्य जरा जपून लिहा.

आता बोर्ड. खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, ट्रॉलीभर खोडातून हाताला लागतो तो गठ्ठाभर धागा. आमचा पहिला माल पावसाळी हवेत वाळलाच नाही, बुरशीचे काळे डाग पडले आणि बोर्डवाल्याने परत केला. मग म्हटलं बोर्ड आपणच करू. फायबरचे दरवाजे करणाऱ्याकडून एक तुकडा करून घेतला. धागा फुकटचा, पण तो घट्ट धरून ठेवणारं रेझीन हे रसायन विकतचं, आणि सगळा पैसा रेझीनमध्येच जातो. त्यात हा धागा पाणी पितो. ओलसर राहिला तर रेझीन धरत नाही, म्हणून कॉस्टिक सोड्यात धुवा, परत वाळवा, मग गरम प्रेसखाली दाबा. ते सोड्याचं पाणी ओतायचं कुठे, हे कुठल्याच प्रशिक्षणात सांगितलं नाही.

म्हणून बोर्डाच्या नादी लागू नका. घेणारा आधी लेखी ठरवा आणि फक्त सुका धागा विका. कर्ज बँकेकडूनच घ्या. गटांना बँकेशी जोडायचं काम नाबार्डने १९९२ ला सुरू केलंय, १० लाखांपर्यंत तारण मागायचं नसतं. साहेबाने चपला झिजवायला लावल्या तरी झिजवा. आणि कुणीही कर्ज घेऊन दारात आलं तर व्याज उरलेल्या रकमेवर की पूर्ण रकमेवर, ते कागदावर लिहून घ्या. प्रशिक्षण द्यायचंच असेल तर सह्या करायला लावणाऱ्या घरच्या पुरुषांना द्या.

हे जरा जास्त झालं. जेठांचा हेतू वाईट नव्हता, दोन हप्ते त्यांनी खिशातून भरलेत. आणि तुमच्याकडे हवा कोरडी असेल, घेणारा जवळ असेल, तर गणित वेगळं बसू शकतं.

मशीन गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली आहे, चालू स्थितीत आहे. जेठ म्हणतात भंगारात घाला. मी म्हणते, २८,८०० व्याज भरलंय त्याचं, राहू द्या तिथेच.