पदार्थविज्ञानाची मूलभूत समज तपासायला कोणते प्रश्न विचाराल?

तुम्ही विचारलंय की घरातल्या आणि गावातल्या मोठ्या माणसांसाठी पदार्थविज्ञानाची छोटी प्रश्नमंजूषा करायची आहे, दहावीच्या पुस्तकाबाहेर जायचं नाही, तर कोणते आठ-दहा प्रश्न घ्यावेत. आठ-दहा मी देणार नाही. सहाच देतो, पण ते मी बावीस वर्षं माणसांवर वापरून पाहिलेले आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. बीएस्सी फिजिक्स, अमरावतीहून, जेमतेम सेकंड क्लास. दुकानासमोर बाकडं आहे. ज्याची मोटर व्हायची असते तो त्यावर बसून राहतो, आणि बसलेल्या माणसाला प्रश्न विचारायची मला खोड आहे.

एक पथ्य मात्र पाळा. एकक विचारू नका, व्याख्या विचारू नका, कोणाचा शोध कोणी लावला हे तर अजिबात नको. विद्युतधारेचं एकक अँपिअर, हे आमच्या इथे पोलीस भरतीचा फॉर्म भरलेला कोणताही पोरगा झोपेतून उठवला तरी सांगेल. त्यातून त्याची पाठांतराची ताकद कळते, एवढंच. "आता काय होईल?" असं विचारा. उत्तर आधी बोलून घ्या, मग करून पाहा. आणि एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड, हे तर कापसाच्या मुलखात विचारूच नका. लोक उठून जातील.

माझा हुकमी प्रश्न विहिरीचा आहे. विहिरीतलं पाणी ४५ फुटांवर आहे. मोटर विहिरीच्या काठावर ठेवायची आणि पाइप खाली सोडायचा. ३ एचपीची मोटर पाणी ओढत नाही. मग किती एचपीची लावली म्हणजे ओढेल?

कोणी ५ म्हणतो, कोणी साडेसात, एक जण सरळ २० वर गेला. बरोबर उत्तर असं की १०० एचपीची लावली तरी ओढणार नाही.

हा प्रश्न मला एका गिऱ्हाइकानं दिला. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चात पाणी खाली गेलं की त्याला मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र असलेला संच, दोरखंडानं विहिरीत गर्डरवर उतरवावी लागायची. चार माणसं, चेनपुली आणि सगळ्यांचा जीव टांगणीला. त्याला कंटाळून त्यानं एका दुकानदाराच्या सांगण्यावरून साडेसातची नवी मोटर घेतली आणि काठावर बसवली. तिसऱ्या दिवशी ती बंडीत घालून माझ्याकडे आला. "भाऊ, वाइंडिंग खराब देल्ली त्यायनं. मोटर फिरते, पन पाणी नाही ओढत." मी वाइंडिंग तपासली, बेअरिंग पाहिलं, टाक्यावर चालवून अँपिअर मोजले. मोटर ठणठणीत होती. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाची पाणी धरून ठेवणारी झडप, जिला आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात, तोही नवा होता. बिचाऱ्यानं दोन वेळा पाइपात पाणी भरून पाहिलं होतं.

गोष्ट अशी आहे की काठावरचा पंप पाणी ओढतच नाही. तो फक्त पाइपाच्या वरच्या टोकाशी दाब कमी करतो. पाणी वर ढकलते ती विहिरीच्या पाण्यावर दाबून बसलेली बाहेरची हवा. त्या हवेचा जोर ठरलेला आहे: समुद्रसपाटीला ७६ सेंटिमीटर पाऱ्याइतका. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून पाण्याच्या हिशेबात साधारण १०.३ मीटर, ३४ फूट. तेही पाइपात अगदी निर्वात झालं तर. प्रत्यक्षात पाइपाचं घर्षण, फूटव्हॉल्व्हचा अडथळा, सांध्यातून शिरणारी हवा हे सगळं धरून २०-२५ फुटांच्या पुढे भरवसा नाही. मोटर मोठी केली म्हणून आभाळातली हवा काही जास्त जोर लावत नाही. सबमर्सिबल २०० फुटांवरून पाणी काढते, कारण ती खाली बसून पाणी वर ढकलते. तिथे मात्र एचपीचं काम आहे.

उत्तर चुकलं म्हणून कोणी ओशाळला तर त्याला सांगा की या प्रश्नात खुद्द गॅलिलिओ अडखळला होता. पंपाचं पाणी एका ठराविक उंचीच्या वर चढत नाही हे त्यानं १६३८ च्या पुस्तकात नोंदवलं, पण पाण्याचा खांब स्वतःच्या वजनानं तुटत असेल असा त्याचा तर्क होता. हवेचं वजन हे खरं कारण त्याचा शिष्य टोरिचेल्ली यानं १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीतून दाखवलं.

बाकड्यावर करून दाखवायचं असेल तर प्लास्टिकची नाही, काचेची बाटली घ्या. काठोकाठ पाणी भरा. झाकणाला भोक पाडून रसवंतीवरची नळी घट्ट बसवा, कडेनं मेण लावा, आणि समोरच्याला म्हणा, ओढ. गालफडं बसतात पण पाणी येत नाही. मग मेणाला सुईनं भोक पाडा. हवा आत शिरते आणि पाणी तोंडात येतं. ही बाटली पाहिल्यावर त्या गिऱ्हाइकानं पहिल्यांदा दुकानदाराला शिवी दिली. तोवर शिवी मला होती.

दुसरा प्रश्न माझ्या स्वतःच्या फजितीचा आहे. लोखंडी कडं तापवलं तर मधलं भोक मोठं होतं की लहान?

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत घरी आलो तर गावातल्या खात्याच्या, म्हणजे लोहाराच्या, भात्यापाशी बंडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टीचं कडं, चढवणं चाललं होतं. गोवऱ्यांचा गोल आळा रचलेला, त्यात धाव लाल होत आलेली. म्हाताऱ्या खात्यानं मला सहज विचारलं. मी रुबाबात सांगितलं, लोखंड सगळीकडून प्रसरण पावतं, म्हणजे आतल्या बाजूलाही पसरेल, म्हणजे भोक लहान होईल. म्हातारा सांडशी हातात घेऊन माझ्याकडे पाहतच राहिला. "कॉलेजात हेच शिकवतेत का रे? मंग हे धाव चाकावर चढते कशी?"

थंड असताना ती धाव चाकावर बसतच नव्हती, हे मी दहा मिनिटांपूर्वी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिघांनी सांडशीनं उचलून ती लाकडी चाकावर टाकली, घण मारून दाबली, लाकडाचा धूर निघाला, लगेच बादलीनं पाणी ओतलं. चर्र आवाज आला आणि मग आऱ्या करकरल्या. धाव आवळून बसली होती. ४ फूट व्यासाची धाव ५०० अंशांनी तापली तर तिचा व्यास साधारण ७ मिलिमीटर वाढतो. हा हिशेब मी रात्री घरी जाऊन केला. म्हाताऱ्याला तो अंदाजानं ठाऊक होता, म्हणून तो पट्टी कापतानाच त्या मानानं आखूड कापत होता.

कारण असं समजवा: धाव म्हणजे वाकवलेली लांब पट्टी. तापली की पट्टी लांब होते, आणि लांब पट्टीचं कडं मोठंच होणार. या प्रश्नावर सायन्सवाले जास्त चुकतात असं माझं निरीक्षण आहे. "प्रसरण" हा शब्द त्यांना पाठ असतो आणि त्या शब्दातच ते अडकतात.

तिसरा प्रश्न बैलबंडीचा. बैल जेवढ्या जोरानं बंडीला पुढे ओढतो, तेवढ्याच जोरानं बंडी बैलाला मागे ओढते. मग दोन्ही जोर कटले, तर बंडी चालते कशी?

दुकानामागच्या अभ्यासिकेतली पोरं मोबाइल चार्जिंगला लावायला माझ्याकडे येतात. न्यूटनचा तिसरा नियम म्हणा म्हटलं की एका सुरात म्हणतात. बंडीचं विचारलं की दहापैकी सात-आठ जणांचं एकच उत्तर: "सर, बैल थोडा जास्त जोर लावतो ना." म्हणजे पाठ केलेला नियम त्यांनी पहिल्याच वळणावर सोडून दिला. जोर समानच असतात. पण एक बंडीवर लागतो, दुसरा बैलावर. कटायला दोन्ही एकाच वस्तूवर हवेत. बंडी चालेल की नाही हे पाहायचं तर फक्त बंडीवरचे जोर पाहा: पुढे बैलाची ओढ, मागे चाकाचा अडथळा. आणि बैल पुढे जातो तो खुरांनी जमिनीला मागे रेटतो म्हणून. जमीन त्याला पुढे रेटते. एक पोरगा, शेतकऱ्याचाच, थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "म्हणूनच नाल्यात गारा (चिखल) झाला की बैल तोच असून बंडी हालत नाही." त्याला मी चहा पाजला.

हे फक्त आमच्या पोरांचं आहे असं समजू नका. अमेरिकेत हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर या तिघांनी १९९२ साली बल या संकल्पनेवर अशीच एक चाचणी छापली. तिच्यात आकडेमोड नाही, आणि चुकीचे पर्याय म्हणून लोकांच्या मनात खरोखर असलेले गैरसमजच घातलेले आहेत. तिची आधीची आवृत्ती हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी आपल्या वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं की उत्तरं तुम्ही शिकवलं तशी लिहू की मला वाटतं तशी लिहू. तुमच्या प्रश्नमंजूषेत चुकीचे पर्याय असेच ठेवा. "वरीलपैकी नाही" वगैरे भरताड नको.

उन्हाळ्याचे दोन प्रश्न पटकन सांगतो. बंद खोलीत कोणी नाही, पंखा दोन तास चालू ठेवला, तर भिंतीवरचं थर्मामीटर उतरेल का? उतरणार नाही, उलट किंचित चढेल. पंखा खातो ती ७५ वॅट वीज शेवटी त्या खोलीत उष्णताच होते. गार वाटतं ते घाम उडतो म्हणून, आणि थर्मामीटरला घाम येत नाही. दुसरा: मे महिन्यात थंडगार हवा देणारा कूलर जुलैत का देत नाही? दर जुलैत माझ्याकडे दोन-तीन कूलर "बिघडला" म्हणून येतात. मोटर तीच, पंप तोच, ताट्या ओल्या. हवाच आधी पाण्यानं भरलेली, तर ती आणखी पाणी घेणार कुठून? तासाला एक लिटर पाणी उडालं तर साधारण ६७० वॅटची उष्णता ते घेऊन जातं; उडालंच नाही तर काहीच नाही. खिडकी बंद करून कूलर लावणाऱ्यांचं दुखणंही हेच.

इथे गुण देताना सांभाळा. माझ्या आईला बाष्पीभवन हा शब्द येत नाही. पण दोन वर्षांचा माठ ती धान्य ठेवायला काढते, कारण "त्याची भोकं बुजली, तो आता पाझरत नाही, मंग गार कसा करन?" तिला पूर्ण गुण. "बाष्पीभवनामुळे" एवढा एकच शब्द टाकून गप्प बसणाऱ्याला मी अर्धा देतो. उत्तराचे गुण वेगळे आणि कारणाचे वेगळे ठेवा. उत्तर बरोबर पण कारण भलतंच, असं फार वेळा निघतं.

विजेचा एक प्रश्न ठेवायचा असेल तर हा ठेवा, वायरमन लोकांची हमखास विकेट जाते. १०० वॅटचा आणि ४० वॅटचा, दोन जुने पिवळे बल्ब सिरीजमध्ये जोडले. जास्त उजेड कोणाचा? सगळे १०० म्हणतात. लागतो ४० चा. २३० व्होल्टच्या हिशेबानं १०० वॅटच्या बल्बचा रोध साधारण ५३० ओहम, ४० चा १३२० च्या आसपास. सिरीजमध्ये तार कमी तापते म्हणून हे आकडे बदलतात, पण मोठा ४० चाच राहतो. सिरीजमध्ये करंट दोघांतून एकच जातो, म्हणून ज्याचा रोध जास्त तिथे जास्त वीज खर्च होते. गंमत म्हणजे ज्यांच्या घरी सिरीज बोर्ड, म्हणजे मोटर तपासायला तिच्याशी बल्ब सिरीजमध्ये जोडायचा बोर्ड, टांगलेला आहे तेही चुकतात. बोर्डावरचा बल्ब फुल पेटला की मोटर शॉर्ट, एवढंच ते पाहतात. बल्ब का पेटला हे विचारायची वेळ कधी येत नाही.

हा प्रयोग एलईडीवर जमत नाही, आणि पिवळे बल्ब आता बाजाराच्या दिवशी एखाद्या जुन्या दुकानातच मिळतात. होल्डर लाकडी पट्टीवर पक्के बसवा, जोडणी टेपनं झाका, आणि मुलांना बटण दाबायलाही लावू नका; २३० व्होल्टचं काम आहे. बाकी पाचही प्रश्न मुलांना बिनधास्त विचारा. विहिरीचा तेवढा बाटलीवर करा, विहिरीवर नको.