मूळव्याधीवर भूल न देता, दवाखान्यात दाखल न होता उपचार होतो का?

होतो, पण मूळव्याध आतली असेल तर. सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे रबर बँड लायगेशन. डॉक्टर गुदद्वारातून छोटी नळी घालून कोंबाच्या बुडाशी घट्ट रबरी कडी बसवतात. रक्तपुरवठा तुटतो, कोंब सुकतो आणि साधारण आठवडाभरात शौचावाटे गळून पडतो. काम काही मिनिटांचं असतं. आतल्या अस्तराला त्वचेसारखी वेदना जाणवत नाही, म्हणून भूल लागत नाही. एक-दोन दिवस जडपणा, थोडं दुखणं किंवा शौचाला लागल्यासारखं वाटू शकतं. बाहेरच्या कोंबावर मात्र ही कडी बसवत नाहीत, तिथे असह्य दुखेल.

कोंब किती बाहेर येतो यावरून आतल्या मूळव्याधीच्या चार श्रेणी करतात. पहिल्या ते तिसऱ्या श्रेणीत हा उपचार चालतो. कोंब आत ढकलूनही जात नसेल, म्हणजे चौथी श्रेणी, तर बहुधा शस्त्रक्रियाच. लहान, रक्त पडणाऱ्या कोंबांसाठी कोंब आकसवणारं इंजेक्शन किंवा डॉक्टरांनी दिलेले इन्फ्रारेड किरण हेही पर्याय आहेत.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगाच, कारण कोंब गळताना रक्त जातं. नंतर ताप आला, दुखणं वाढत गेलं किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. क्वचित होणारा जंतुसंसर्ग गंभीर असतो.

आणि कृपा करून, रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, असं स्वतः ठरवू नका. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडतं. आधी तपासणी करून घ्या.