बाही कुठून ओढतेय?

प्रश्न : माझं बीकॉम झालंय. कपड्यांचं वेड लहानपणापासूनचं, पण शिवता येत नाही. थायलंडमध्ये जन्मलेले डिझायनर थाकून पानिचगुल यांनीही आधी बिझनेसचीच पदवी घेतली होती, असं वाचलं. मग मलाही जमेल का? आणि मिशेल ओबामांनी ड्रेस घालूनही त्यांचा ब्रँड थांबला कसा?
– एक वाचक

उत्तर : दुसरा प्रश्न माझ्या धंद्याच्या दुखण्याचा आहे. बावीस वर्षं मी मर्चंडायझर होते, म्हणजे कोणते कपडे किती काढायचे ते पाहणारी, त्यामुळे तिकडे जरा रेंगाळणार. पहिला आधी उरकते.

थाकून अकराव्या वर्षी अमेरिकेत ओमाहाला आले. बोस्टन विद्यापीठात बिझनेस शिकले, जे. क्रू या कपड्यांच्या कंपनीत मर्चंडायझिंग केलं, मग हार्पर्स बझार मासिकात लिहिलं. पण त्याच काळात न्यूयॉर्कच्या पार्सन्स या डिझाइन कॉलेजात डिझाइनही शिकून घेतलं आणि सप्टेंबर २००४ मध्ये पहिलं कलेक्शन आणलं. तेव्हा बीकॉम आड येणार नाही, सुई येईल. माझ्या पहिल्या नोकरीत मी एका सॅम्पलवर ‘बाही ओढतेय’ एवढाच शेरा लिहून पाठवला. टेलर मास्तर सॅम्पल घेऊन टेबलाशी आले. ‘कुठून ओढतेय, ताई? मुंढ्यात की दंडावर?’ मी गप्प. त्यांनी बाही उलटी केली आणि खडूने मुंढ्यावर, म्हणजे बाही खांद्याशी जोडतात तिथे, एक बोटभर रेघ मारली. बिघाड तेवढ्यातच होता.

आता ब्रँडचं. ऑगस्ट २००८ मध्ये डेन्व्हरला बराक ओबामांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारली, त्या रात्री मिशेल यांच्या अंगावर थाकून यांचा ड्रेस होता. नाव जगभर झालं. पण नाव झालं म्हणून कापडवाल्याचं बिल भागत नाही.

या धंद्याची जुनी रीत अशी : सप्टेंबरात शो, माल दुकानात वसंतात. मधल्या महिन्यांत दुकानांचे खरेदीदार ऑर्डर देतात, म्हणजे कात्री चालवण्याआधी किती नग कापायचे ते कळतं. डिसेंबर २०१५ मध्ये व्हिव्हियन चाऊ यांच्या कंपनीने ब्रँडचा ताबा घेतला आणि ही रीत मोडली. आज शो, आजच विक्री, तीही थेट गिऱ्हाइकाला, ऑनलाइन आणि न्यूयॉर्कच्या सोहोमधल्या स्वतःच्या दुकानातून. गिऱ्हाइकाला झकासच! पण कापड घेतलं, प्रत्येक साइज शिवून ठेवली, आणि हातात एकही ऑर्डर नाही. मिडियम संपले, एक्स्ट्रा स्मॉल पडून राहिले, तर तो अंदाज चुकल्याचा भुर्दंड कोणाच्या डोक्यावर? पूर्वी तो दुकानदार वाटून घ्यायचा.

मार्च २०१७ मध्ये काम थांबवलं. धंद्याचं हे मॉडेल बाजाराच्या पुढे होतं, असं गुंतवणूकदारांचं म्हणणं. मला विचाराल तर पैसा मालात आणि माल गोदामात, हे दुखणं जुनंच आहे. ते काही काळाच्या पुढे नव्हतं.

२०१९ मध्ये थाकून परत आले, ऑनलाइन आणि आधीपेक्षा स्वस्त कपडे घेऊन. त्याच वर्षी ‘होमगर्ल्स’ नावाचं मासिकही काढलं. लिहिण्याची जुनी खोड, दुसरं काय!

तुम्ही एवढं करा : घरातला जुना शर्ट घ्या, एक बाही उसवा आणि पुन्हा जोडा. पहिल्यांदा ओढणारच. कुठून ओढतेय, ते मला लिहा.