मासे खाणारं घुबड खान्देशात आहे का? पाण्यात शिरून ते परत उडतं कसं?

आहे. मी रावेरकडचा, पालजवळ सुकी नदीच्या काठी हे घुबड मी कितीदा पाहिलंय. नाव मत्स्य घुबड. तुम्हाला वाटतंय तशी बुडी मात्र ते मारत नाही. काठावरच्या दगडावर नाहीतर पाण्यावर वाकलेल्या फांदीवर बसून राहतं आणि मासा वर आला की झेपावून नख्यांनी उचलतं. पिसं कोरडी ती कोरडीच. उथळ पाण्यात खेकड्यांसाठी चालत जातं, तेव्हा पायच काय ते भिजतात आणि पायांवर पिसं नसतातच. इतर मोठ्या घुबडांचे पाय पिसांनी झाकलेले असतात, याचे उघडे. तळव्यावर बारीक टोकदार खवले असतात, त्यामुळे बुळबुळीत मासा निसटत नाही.

मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. एकदा अर्जुनसादड्याखाली याचं पडलेलं पीस मिळालं. गव्हाणी घुबडाचं पीस मी आधी बघितलं होतं, त्याच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे मऊ दाते असतात, म्हणून ते उडताना आवाज येत नाही. या पिसाच्या कडेवरून बोट फिरवलं तर दाते नाहीतच. कानाशी हलवलं तर चक्क सूं सूं वाजलं. उंदराला चाहूल लागली की शिकार गेली, पण पाण्याखालच्या माशाला पंखांचा आवाज पोचतोय कुठे! मग दबकत उडायची गरजच काय? पीस तिथेच ठेवून आलो.

आकार चांगला दीड-दोन फूट, रंग तपकिरी, छातीवर काळ्या उभ्या रेघा, डोळे पिवळे, डोक्यावर कानांसारखे दिसणारे पिसांचे तुरे. मासे, खेकडे, बेडूक हे मुख्य खाणं, उंदीर-सरडेही चालतात. आपल्या भागाचा रानपिंगळा वेगळा बरं का. तो जेमतेम वीतभर, 1997 साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला म्हणून त्याचं नाव झालं. या दोघांची गल्लत बरेच जण करतात.

हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्च, जुन्या झाडाच्या ढोलीत किंवा कड्याच्या कपारीत एक-दोन अंडी घालतं. म्हणून काठावरचा म्हातारा आंबा, उंबर तोडला की मला फार वाईट वाटतं. ढोली तयार व्हायला कितीतरी वर्षं जातात हो. आणि रात्री नदीकडून 'हूम... हूम' असा घुमणारा आवाज आला तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगा, अपशकुन वगैरे काही नाही, जोडी एकमेकांना साद घालतेय.

तुमच्या गावाजवळ आहे का बघायचं तर दिवसा जा. काठावरच्या दाट झाडात कावळे एका जागी आरडाओरडा करत असतील तिथे वर बघा. झाडाखाली खेकड्याच्या नांग्या आणि कवचाचे तुकडे पडलेले दिसले, तर बसायची जागा तीच. घरट्यावर टॉर्च मात्र मारू नका.