वडील 25 वर्षं फवारणी करतायत, आता शुगर निघाली. हे आनुवंशिक की औषधामुळे?

तुम्ही लिहिलंय की वडील 25 वर्षं कपाशीवर फवारतात, आता शुगर निघाली, आजीलाही होती, तुमचं वय 29 आणि पोट सुटायला लागलंय, बायकोला पाचवा महिना आहे, तर यात दोष घराण्याचा की औषधाचा. मी यवतमाळ जिल्ह्यातला, घरची कपाशी आणि शिक्षण बायोकेमिस्ट्रीचं, त्यामुळे हाच प्रश्न मला आमच्या घरात बरीच वर्षं छळतोय. माझं उत्तर, दोन्हीचा असू शकतो, आणि दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेत की वेगळे काढता येत नाहीत.

आमचे बाबा एकदम काटक, पोट नावाला नाही, तरी 46 व्या वर्षी शुगर. ते बादलीत औषध ओतून कडुलिंबाच्या काडीने ढवळायचे, काडी नसली तर सरळ हाताने, नोझल अडकलं की तोंडाने फुंकायचे आणि त्याच हाताने खर्रा चोळायचा. पंप गळका, संध्याकाळी शर्ट पाठीला चिकटलेला असायचा आणि आई तो शर्ट आमच्या शाळेच्या कपड्यांसोबतच भिजवायची. 2017 ला आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली, तेव्हा कुठे गावात पटलं की हे कातडीतून पण आत जातं. पण ती एकदम चढलेली विषबाधा होती, तुमचा प्रश्न वर्षानुवर्षं थोडं थोडं आत गेलेल्या औषधाचा आहे.

त्यावर आपल्याच देशात काम झालंय. मदुराईच्या कामराज विद्यापीठाच्या लोकांनी तिकडच्या खेड्यांत तीनेक हजार जणांची तपासणी केली, 2017 ला ते छापून आलं. औषधाशी थेट संबंध येणाऱ्यांत डायबेटिस 18.3 टक्के, संबंध नसणाऱ्यांत 6.2 टक्के. मग त्यांनी उंदरांना 180 दिवस अगदी कमी डोसमध्ये मोनोक्रोटोफॉस हे फवारणीचं औषध दिलं. आतड्यातले जिवाणू ते औषध फोडतात, त्यातून अ‍ॅसिटेट तयार होतं आणि त्यापासून शरीर नवीन साखर बनवायला लागतं, म्हणजे तोंडात गोड न घालता रक्तात साखर वाढते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाबांची ती फुंकर आठवली आणि पोटात कालवलं.

अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनात 33 हजारांहून जास्त परवानाधारक फवारणी करणाऱ्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, तिथेही अल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर अशा औषधांचा डायबेटिसशी संबंध दिसला. ही क्लोरीनवाली जुनी औषधं चरबीत साठतात, लवकर निघत नाहीत. वजनाचं म्हणाल तर 2021 ला कॅनडात क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकावर प्रयोग झाला, उंदरांमध्ये ते औषध ब्राऊन फॅट, म्हणजे कॅलरी जाळून उष्णता देणारी चरबी, थंड पाडतं असं दिसलं. आता उंदीर म्हणजे माणूस नाही, आणि सर्व्हेत दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी झाली असंही नाही, त्यामुळे तुमच्या वडिलांची शुगर औषधानेच झाली असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण काही संबंधच नाही म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

आता जीन्सकडे येतो. लिव्हरमध्ये पीओएन1 नावाचं एन्झाइम बनतं, ते ऑर्गनोफॉस्फेट औषधं (मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस त्यातलीच) फोडून निकामी करायला मदत करतं. ते बनवणाऱ्या जीनचे क्यू आणि आर असे दोन प्रकार, कोणाला कुठला मिळेल ते आईबापावर. डेन्मार्कमध्ये ग्रीनहाऊसमध्ये काम करणाऱ्या बायकांची मुलं शाळेच्या वयात तपासली. ज्यांच्या आयांचा गरोदरपणात औषधाशी संबंध आला होता आणि ज्यांच्यात आर प्रकार होता, त्या मुलांची चरबी, पोटाचा घेर, बीपी जास्त निघालं, क्यूवाल्यांत तसं दिसलं नाही. म्हणजे एकाच ग्रीनहाऊसमधलं औषध एका पोराला नडलं, दुसऱ्याला नाही. आणि त्यातली जास्त एक्स्पोजर झालेली मुलं जन्मताना वजनाने कमी होती!

इथे मला डायबेटिसवर संशोधन करणारे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवतात. त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत दाखवलं की आपली बाळं दिसायला बारीक पण आतून चरबी जास्त. 2004 ला त्यांचा आणि इंग्रज मित्र जॉन युडकिन यांचा एक फोटो लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3, पण चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. बाबांसारख्या काटक माणसाला शुगर कशी, हे मला तिथे थोडं कळलं. असा जन्मजात कल आपल्यात आधीच आहे, औषध त्यात भर घालतं असं मला वाटतं.

आता तुमचं बघा. उपाशीपोटी शुगर आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) करून घ्या, कमरेचा घेर मोजा, आपल्याकडे पुरुषांना 90 सेंटीमीटरच्या वर धोका धरतात. आजी आणि वडील दोघांनाही शुगर, म्हणजे तुम्ही चाळिशीची वाट बघत बसू नका. वडिलांना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लावा, नोझलसाठी जुना टूथब्रश पंपालाच बांधून ठेवा, आम्ही तसंच केलंय. डब्यावरचा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर दुकानदाराला निळ्या-हिरव्यातलं मागा.

आणि बायकोला सध्या खुरपणीला नेऊच नका, फवारलेल्या वावरात तर नाहीच. नवजात बाळात ते पीओएन1 मोठ्या माणसापेक्षा खूप कमी असतं, त्याला विष नीट फोडता येत नाही. फवारणीचे कपडे वडिलांनी स्वतः वेगळ्या बादलीत धुवायचे, वावरातच बदलून घरी यायचं. आमच्या बाबांना हे पटायला दोन हंगाम गेले, तुमच्याकडे चारच महिने आहेत.