ब्रोकेडला अजून कात्री लावू नकोस

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सोबतची तिन्ही चित्रं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिची, तिन्ही एलिझाबेत विजे-लब्रंनं काढलेली, आणि तरी कपडा प्रत्येकात वेगळा. म्हणून तू गोंधळलीस, की ब्रोकेडचा शिवायचा तो खरा दरबारी पोशाख यातला कुठला. त्याखाली लगेच दुसरा प्रश्न: बाह्यांना लेस किती मीटर लागेल? लेसबद्दल मी आज एक अक्षर बोलणार नाही. जुन्या चादरीवर केलेल्या चाचणीत पोटावर आडव्या सुरकुत्या आल्या आणि घेर दोन्ही बाजूंनी वर उचलला गेला, हे तूच लिहिलं आहेस. मापं घेतलीस टी-शर्टवर. बिनसलं ते तिथेच. आधी आतलं, मग वरचं.

चित्रांचं पटकन मिटवू. 1778 चं पांढऱ्या सॅटिनमधलं, व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममधलं, तेवढंच दरबारी: ग्रां हाबी. 1783 चं मलमलीचं, गवती टोपीतलं, ते घरगुती. पॅरिसच्या सालोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, ते लागलं तेव्हा राणी आतल्या कपड्यांत बसली आहे अशी ओरड झाली, चित्र उतरवावं लागलं आणि त्याच्या जागी तुझं तिसरं, निळसर-करड्या रेशमातलं लागलं. म्हणजे तुला हवं आहे ते पहिलं. पण तुझ्या कच्च्या आराखड्यात पाठीवर मानेपासून जमिनीपर्यंत सोडलेल्या रुंद चुण्या आहेत, त्या रोब आ ला फ्रांसेझ या दुसऱ्या झग्याच्या. ग्रां हाबीला त्या नसतात. समोरून एक आणि मागून दुसरं कापायला निघाली होतीस.

दोघांचा खरा फरक आतून आहे, म्हणून तो नीट समजून घे. रोब आ ला फ्रांसेझच्या आत सळ्यांची वेगळी कसणी घालतात; वरचा झगा समोरून उघडा असतो आणि मधे पोटपट्टी टाचण्यांनी बसवतात. ग्रां हाबीत वेगळी कसणी नसतेच. पोशाखाचा वरचा भागच ताठ सळ्यांनी भरलेला, मागे नाडीनं आवळलेला, खांदे उघडे टाकणारा. त्याला ग्रां कोर म्हणायचे. खाली घेर वेगळा, कमरेला अडकवलेला लांब पदर वेगळा. स्टॉकहोमच्या लिव्हरुस्टकामारेन या संग्रहालयात 1766 चा, स्वीडनच्या सोफिया माग्दालेना राणीचा लग्नाचा पोशाख आहे, त्यात हे तिन्ही भाग सुटे दिसतात. थोडक्यात, तुझ्या पोशाखात आतलं तेच बाहेरचं आहे. पाया चुकला तर झाकायला वर काही नाही.

आता काम. सुरुवात अंगालगतच्या कुडत्यापासून. लिनन मिळालं तर उत्तम, नाहीतर मऊ धुतलेलं सुती, अडीच मीटर. गळा इतका रुंद की खांद्यांवरून उतरेल, कारण कोरचा गळा तिथेच आहे. मग कोर. त्याला दोन थर जाड सुती कापड लागतं, पण पहिली चाचणी मांजरपाटावरच कर आणि तीही सळ्या घालून. सळ्यांशिवाय केलेली चाचणी खोटं बोलते: कापड अंगावर पडतं, तर कोर अंगाला धरतो. पोटावरच्या त्या आडव्या सुरकुत्या याच कारणानं आल्या. कापड जास्त झालं नव्हतं, आधार नव्हता.

सळ्या पूर्वी देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्यांच्या असत. तू विजेच्या सामानाच्या दुकानातून जाड केबल टाय आण, 7.6 मिमी रुंदीचे, आणि डोकी कापून टाक. सळी ज्या खोबणीत जाते, तिच्या दोन टिपांमधलं अंतर 9 ते 10 मिमी ठेव. कमी ठेवलंस तर सळी शिरत नाही, जास्त ठेवलंस तर आत पिळवटते. प्रत्येक सळीची दोन्ही टोकं कानशीनं गोल कर आणि शिवणीच्या 6 मिमी अलीकडे थांबव, नाहीतर तिसऱ्या वेळी घालताना ती कापड फोडून काखेत घुसेल. आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही: प्रत्येक खोबण थोडं कापड खाते. अशा चाळीस-पन्नास खोबणी झाल्या की कोर सहज दोनेक सेंटीमीटर लहान होतो. ते आधीच धरून काप.

माप कसं धरायचं? नाडी आवळल्यावर पाठीत 5 सेंमी फट राहिली पाहिजे. फट राहिली नाही तर आवळायला जागाच उरत नाही. कंबर बारीक करणं हा हेतू नव्हे. हवा आहे तो उलटा शंकू, छाती सपाट आणि वर, कंबर टोकाला. दोन ते पाच सेंमीपेक्षा जास्त ओढू नकोस. नाडीची भोकं टोच्यानं धागे बाजूला सारून कर, पंचनं कापून नको, आणि काज करतो तसा दोऱ्यानं वेढा घाल. धातूच्या रिंगा त्या काळच्या नाहीत. दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर न ठेवता अर्ध्या टप्प्यानं सरकव, म्हणजे 3 मीटरची एकच नाडी नागमोडी चढते.

"आत कोण डोकावून बघणार आहे?" असं विचारलं आहेस. अगं, सगळं व्हर्साय बघत होतं. 1770 मध्ये चौदा वर्षांच्या मारी आंत्वानेतनं ग्रां कोर घालायला नकार दिला, तर तो राजकारणाचा विषय झाला आणि व्हिएन्नाहून आईला, मारिया थेरेसाला, पत्रांतून समजूत काढावी लागली. लंडनमध्ये त्याहून गंमत. बाहेर कंबर छातीखाली चढली, घेर सरळ झाला, तरी राणी शार्लटच्या दरबारात घेर बाजूंनी फुगवणारा रुंद सांगाडा आतून घालायचाच. त्या उंच कमरेखाली तो टोपलीसारखा दिसे, पण 1820 मध्ये चौथ्या जॉर्जनं तो बंद करेपर्यंत बायकांनी घातला. वरची फॅशन बदलली तरी दरबाराचा हट्ट आतल्या सांगाड्यावर होता.

आणि तो सांगाडा म्हणजे पॅनिये. त्याच्यासाठी बुरुडाकडून 6 ते 8 मिमी जाडीचा वेत आण. बांबूच्या चिपा नकोत, त्या वाकवताना चिरतात. वेत रात्रभर भिजवून वाकव, बांधून पूर्ण वाळू दे, मग जाड सुती कापडाच्या नेफ्यांत घाल. तीन कड्या पुरतात. पहिल्या वेळी सगळ्यात रुंद कडी 100 ते 110 सेंमीच्या पुढे नेऊ नकोस. घराची दारं त्याहून अरुंद असतात, आडवं होऊनच जावं लागेल. खरी गोम आतल्या पट्ट्यांत आहे. प्रत्येक कडीच्या आत पुढून मागे पट्टी बांधून ती दाबून धरायची, तेव्हा ती चपटी लंबगोल राहते. पट्टी विसरलीस की कडी गोल होते आणि तू 1778 ऐवजी 1860 च्या गोल घेरातली दिसतेस. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 1740 च्या दशकातला एक मांटुआ, म्हणजे दरबारी झगा, आहे, त्याच्या भरतकामात जवळजवळ 10 पौंड चांदीचा धागा आहे. एवढं वजन पेलायचं तर खालचं काम पक्कंच हवं. तुझं जरीचं ब्रोकेडही हलकं नाही. पॅनियेवर निदान एक, शक्यतो दोन साधे सुती परकर घाल, नाहीतर कड्यांच्या रेघा रेशमातून उमटतात.

घेर बाजूंनी का उचलला गेला, हे आता तुझं तुलाच कळेल. कापडाला कमरेपासून कडीपर्यंत आधी आडवं जायचं असतं, मग खाली. 110 सेंमीच्या पॅनियेवर बाजूची लांबी समोरच्यापेक्षा सहज 20 सेंमी जास्त भरते. माझा आकडा धरू नकोस. पॅनिये आणि दोन्ही परकर चढवून, टेप कमरेपासून जमिनीपर्यंत सोडून चार ठिकाणी मोज, आणि मोजायला दुसरं माणूस घे, कारण वाकलीस की माप चुकतं. खालचा काठ सरळ ठेव, काटछाट वर कमरेशी कर: मध्यभागी खोल, बाजूंना उंच. काठ खालून कापलास तर ब्रोकेडची नक्षी तिरकी धावेल आणि ते कापड परत येणार नाही.

कुणी मला हेकट म्हणतं, कुणी म्हणतं मी पोरांचा उत्साह मारते. म्हणोत. माझ्या कपाटात दोन झगे आहेत, वरून देखणे, आतून पोकळ. अंगावर एकदाही नीट बसले नाहीत. उत्साह कापडावर घालवला आणि पायाला उरला नाही. चार महिने आतलं शिवत बसणं कंटाळवाणं आहे, मान्य. पण म्हणून मी माझं म्हणणं सोडणार नाही.

रंगाचं विचारलं आहेस, तर रशियातही डोकावून घे. तिथे 1834 च्या नियमानं सम्राज्ञीच्या मानकरणींचा मखमली झगा किरमिजी, वरच्या दर्जाच्या स्त्रियांचा हिरवा, दोन्हींवर सोन्याचं भरतकाम. तिथे रंग हुद्द्याचा असे. तू फ्रेंच करते आहेस, तुला मोकळीक आहे, पण तीही नंतर.

ब्रोकेड घडी घालून कपाटात ठेवलं असशील तर आजच काढ. जरीचा धागा घडीवर तुटतो. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर, मधे जुनी सुती साडी घेऊन, गुंडाळून ठेव. आणि मांजरपाटाचा कोर सळ्यांसकट झाला की दोन फोटो पाठव, एक पाठीचा, एक बाजूचा. समोरचा नको, समोरून सगळंच बरं दिसतं.

तुझी
ताई